मामाच्या नावाचं वळण

घनसावंगीच्या बसस्टँडसमोर सोमेश्वरशेठचा छापखाना आहे. तिथं लग्नं जुळत नाहीत, पण जुळलेली कितीतरी मोडता मोडता वाचतात. कुणाच्या चुलत्याचं नाव एक ओळ खाली गेलं, कुणाच्या साडूचं 'राव' गळालं, कुणाच्या मेव्हण्याला 'श्री' मिळाला आणि त्याच्या भावाला मिळाला नाही, असली भांडणं तिथल्या लाकडी बाकावर येऊन बसतात, चहा पितात आणि बहुतेक वेळा निवून घरी जातात. ती निववण्याचं काम चार वर्षांपासून प्रांजली करत होती.

पत्रिका जुळवण्याचा प्रोग्रॅम तिचा स्वतःचा होता, हातानं लिहिलेला. पडद्यावर एक मोठी चौकट, तिच्या पोटात लहान चौकटी, त्यांच्या पोटात नावं. शिवारात वाडी, वाडीत घर, घरात माणूस, तशी सगळी मांडणी. मोठ्या चौकटीला जो फाँट द्यावा तो पाटाच्या पाण्यासारखा खालच्या चौकटींत उतरायचा आणि तिथून एकेका नावात झिरपायचा. आपल्याकडं अक्षरालाही वळण असतं आणि लेकरालाही वळणच लावतात. म्हणून प्रांजलीनं प्रत्येक नावापुढं एक बारका चौकोन ठेवला होता आणि त्याच्या शेजारी लिहिलं होतं, 'घरचं वळण'. चौकोनात खूण असली की नाव घरासारखं दिसायचं. पण एखाद्या नावाला धरून त्याचा फाँट तुम्ही वेगळा केलात, की खूण आपोआप निघून जायची. मग वरून घर कितीही बदलो, ते नाव ढिम्म हलायचं नाही. परगावी चूल मांडलेल्या लेकासारखं, आपलंच खरं धरून बसायचं.

"असं कसं केलं तू?" सोमेश्वरशेठनं एकदा विचारलं होतं.

"मी न्हाई केलं, शेठ. जगातले सगळे प्रोग्रॅम असेच असतेत. ज्याला आपण हात लावला, तो वरच्याचं ऐकत न्हाई."

"माझ्या पोरासारखंच हाय म्हणायचं," शेठ म्हणाले आणि गल्ल्याकडं वळले.

तर अशा प्रांजलीचं स्वतःचं लग्न ठरलं. मुलगा अंकुशनगरचा, कल्याण नावाचा, शांत स्वभावाचा. पत्रिका अर्थातच तिनंच जुळवली. एकूण चौऱ्याऐंशी नावं. कच्ची प्रत घेऊन ती घरी आली तेव्हा ओसरीवर वडील बिभीषण आणि आत्याचे यजमान रामराव बसले होते. रामराव म्हणजे घरचे थोरले जावई. त्यांनी चष्मा पुसला, चढवला, प्रत लांब धरली, जवळ धरली आणि सुस्कारा सोडला.

"नाव हाय," ते म्हणाले. "न्हाई असं न्हाई. पर कसंय, एसटीच्या पाटीवर मधल्या थांब्याचं असतंय तसं हाय. थोरला जावई म्हणून काही फरक?"

"करू की!" बिभीषण लगबगीनं म्हणाले. "प्रांजे, फुफाजीचं जरा ठळक कर. बिलकुल उठून दिसलं पाहिजे."

आतून तांदूळ निवडणाऱ्या नंदाबाईचा आवाज आला. "आन् माझ्या भावाचं?"

"तुझ्या भावाला वाचता येतंय का?"

"चौथी झालाय तो. तुम्ही सातवीत दोनदा बसून काय वाचून राह्यले?"

रामरावांनी तोंडावर उपरणं धरलं. बिभीषण छताकडं बघू लागले. आत नंदाबाईनं सूप पुन्हा हलवलं आणि तांदळांना ऐकू जाईल एवढ्याच आवाजात म्हणू लागली:

*मांडवाच्या दारी, माझं पाहुनं मावंना*
*बंधू दिसंना अजून, माझी पंगत बसंना.*

प्रांजली उठली. मामाचं नाव ठळक करायला तिला कुणी सांगायची गरजच नव्हती. मामा म्हणजे मल्हारी, अंबडच्या अंगाचा, दीडशेला तीस कमी एवढी मेंढरं राखणारा. तिच्या बारावीच्या पेपराला तो शाळेच्या फाटकाबाहेर घोंगडी टाकून तीन-तीन तास बसायचा. पेपर त्याला कळत नव्हता, पण भाची बाहेर आली की तिचं तोंड बघून म्हणायचा, "आज गणिताचा व्हता ना? दिसून राह्यलं." तो माणूस लग्नात आपल्या पाठीमागं उभा राहणार, अंतरपाटाअलीकडं त्याच्या घोंगडीचा वास येणार, एवढं एकच तिनं आपल्या लग्नाचं चित्र मनात रंगवलं होतं. बाकी मांडव, मेनू, मेंदी ज्याला जे करायचं ते करो.

छापखान्यात जाऊन तिनं दोन नावांना हात लावला. रामरावांचं हुकूम म्हणून ठळक केलं. मामाचं जीव लावून केलं: जाड, काळंभोर, दोन मापं मोठं. दोन्ही नावांपुढच्या खुणा गपचूप निघून गेल्या. ते तिनं पाहिलंही, पण त्या वेळी तिला त्यात काही वाईट दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती बांगड्या-साड्यांसाठी आईबरोबर जालन्याला गेली. इकडं सोमेश्वरशेठला प्रेमाचं भरतं आलं. आपल्या छापखान्याच्या लेकीची पत्रिका आणि ती जुन्याच साध्या अक्षरात? त्यांच्याकडं एक नवा फाँट आला होता, लाडवासारखा गोल. मोठ्या चौकटीला एकदा बदललं की सगळं बदलतं, हे प्रांजलीनंच त्यांना शिकवलं होतं. त्यांनी एकदा बदललं. ब्याऐंशी नावं एका दमात गोल झाली. शेठनं वरचा गणपती बघितला, नवरा-नवरीची नावं बघितली, डोळे पाणावले आणि पन्नास प्रती छापून बिभीषणच्या हाती दिल्या. पहिली पत्रिका देवाला, दुसरी मामाला, ही रीत. बिभीषणनं हळदीकुंकू लावलं, मोटारसायकलला किक मारली आणि दिवस मावळायच्या आत दोन्ही पोचवून आले.

"काय म्हणाला माझा भाऊ?" नंदाबाईनं जालन्याहून आल्या आल्या विचारलं.

"काय म्हणणार? चहा पाजला. पत्रिका बघितली. बघतच बसला. लई आवडली असंल."

तिसऱ्या दिवशी मामीचा, आसराबाईचा, फोन आला. तुझ्या मामाचं लग्नाला काही जमंना, मेंढरं गोदाकाठाला न्यायचीत, असं म्हणून तिनं ठेवूनही दिला. नंदाबाई मटकन खाली बसली.

"गोदाकाठाला? ऐन थंडीत? माझ्या आयुष्यात त्यानं या दिसांत मेंढरं तिकडं नेली न्हाईत!" मग एकदम ती नवऱ्याकडं फिरली. "तुम्ही काय बोललात त्याला?"

"म्या? म्या तर चहा पिऊन आल्तो."

प्रांजलीनं मामीला पुन्हा फोन लावला. मामी आधी थंडीचं बोलली, मग चाऱ्याचं बोलली, मग आवाज खाली करून म्हणाली, "बाई, त्यांला त्यांचं नाव दिसलं."

प्रांजलीनं टेबलावरच्या गठ्ठ्यातली, खरेदीच्या गडबडीत बघायची राहिलेली पत्रिका ओढली आणि तिलाही दिसलं. ब्याऐंशी नावं गोल, मऊ, एका आईच्या लेकरांसारखी. त्यांच्यात दोन नावं काळी, आडमाप, जुन्या अक्षरात. एक रामरावांचं. त्यांची प्रत त्यांच्याकडं पोचली होती आणि ते ती गावभर दाखवत फिरत होते की बघा, जावयाचा मान. दुसरं मामाचं.

तिनं लॅपटॉप पिशवीत घातला आणि अंबडकडं जाणारी जीप धरली. आत बारा माणसं, तीन कोंबड्या आणि एक गॅसची शेगडी होती. लॅपटॉप मांडीवर घट्ट धरून ती मनात पाठ म्हणत होती, काय सांगायचं ते. फाँट म्हणजे काय? चौकट म्हणजे काय? मेंढपाळ माणसाला हे कसं सांगावं? कॉलेजात तिला हा धडा समजायला दोन आठवडे लागले होते आणि तिथं तर फळाही होता.

मामाचा कळप सोयाबीन निघालेल्या एका रानात बसवलेला होता. जाळीचं कुंपण सोडलेलं, मेंढरं बांधाकडं पांगलेली, मामी तीन दगडांच्या चुलीवर भाकरी थापत होती आणि तिच्या पदराला तोंड लावून एक पांढरं कोकरू उभं होतं. मामा घोंगडीवर बसला होता. भाचीला बघून त्याचा चेहरा फुलला. मग आपण रुसलोय हे त्याला आठवलं आणि त्यानं तो पुन्हा मिटून घेतला.

"बस," तो म्हणाला.

"मामा, तू लग्नाला येणार न्हाईस?"

"मेंढरं हायत."

"खरं सांग."

त्यानं बंडीच्या खिशातून पत्रिका काढली. घडीवर घडी पडून ती चिंधीसारखी मऊ झाली होती.

"हे बघ. समद्यांची नावं एका हातची. गोल गोल, पोट भरल्यावाणी. आन् हे माझं. येगळंच. मागून घातलं तुम्ही."

"मागून?"

"पंगत उठायच्या टायमाला आठवलेला पाहुणा हाय मी. त्याला मंग कोपऱ्यात बसवतेत, पत्रावळ येगळी, भात थंड. अक्षर बघ की! समदी लिहून झाल्यावर कोणीतरी म्हणलं, अरे, मल्ह्या ऱ्हायला. मंग कोणीतरी दुसऱ्या हातानं खरडलं."

"दोन दिस हेच चालू हाय," मामी भाकरी उलटत म्हणाली. "मेंढरं मोजायची सोडून नावं मोजून राह्यले. चौऱ्याऐंशी हायत म्हणे. मला काय करायचं त्याचं?"

"मामा, फुफाजींचं नावबी तसंच आहे. ते तर खूश आहेत!"

"ते जावई. जावयाला येगळं बसवलं तर मान असतोय." मामानं पत्रिका घोंगडीवर ठेवून तळहातानं सपाट केली. "भावाला येगळं बसवलं तर ते येगळंच असतंय, माय."

प्रांजलीला पाठ केलेलं काहीच आठवेना. "मी मुद्दाम मोठं केलं," ती म्हणाली. "लाडानं."

"लाड करावा तर गपचिप करावा. असा गावाला छापून वाटावा व्हय?"

तिनं मग लॅपटॉप उघडला. दोन मेंढरं जवळ येऊन पडद्यात बघू लागली. मामानं त्यांना हाकललं, पण स्वतः वाकून बघू लागला.

"ही मोठी चौकट. हे आपलं घर समज. ह्या आतल्या चौकटी: भाऊकी, पाहुणे, मामा मंडळ. आता मी फक्त मोठ्या चौकटीला हात लावते. नावांना कुणालाच न्हाई. बघ."

तिनं बटण दाबलं. नावं तिरकी झाली. पुन्हा दाबलं. नावं बारीक, उभट झाली. पुन्हा दाबलं. पुन्हा गोल.

"आँ!" मामाच्या तोंडून निघालं. "समदी वळली की!"

आणि का न निघावं? त्याचा जन्मच मेंढरं वळण्यात गेला होता. एक हाळी द्यावी, पुढची वळावी, तिच्या मागं शंभर वळावीत. हे त्याला सांगायला कुठल्या फळ्याची गरज नव्हती.

"पुन्यांदा कर."

तिनं केलं.

"बराबर. हाळी पुढचीला, वळतो कळप." तो पडद्याजवळ सरकला. "पर हे काळं? हे मी ना? मी काहून न्हाई वळून राह्यलो? मला काय ऐकू येत न्हाई?"

"तुला मी हात लावला म्हणून. एकदा हातानं येगळं केलं की ते नाव घराचं ऐकायचं सोडतं. मी तुला हात लावून मोठं केलं. मागून शेठनं सगळं घर बदललं. सगळे वळले, तू आपला आहे तिथंच. कुणी विसरलं न्हाई, मामा. उलट हात लावला तो तुलाच."

मामानं चुलीकडं बघितलं. सगळी मेंढरं एव्हाना बांधापलीकडच्या बाभळीकडं गेली होती. ते पांढरं कोकरू तेवढं मामीच्या पदराला तोंड लावून तसंच उभं होतं. त्याची आई वितानाच गेलेली, मामीनं त्याला बाटलीनं दूध पाजून वाढवलेलं. मामानं हाळी दिली. कळपानं माना वर केल्या. कोकरानं कानही हलवला नाही.

"हातचं कोकरू!" मामानं मांडीवर थाप मारली. "आसरे, मी हातचं कोकरू झाल्तो! कळप चालला नदीला आन् हे बसलं चुलीपाशी!"

"मी बी तेच म्हणत व्हते," मामी म्हणाली. ती असलं काही म्हणत नव्हती.

"मंग आता? ह्याला कळपात कसं लावायचं? ह्या कोकराचं तर मला दोन महिने झाले जमंना."

"तुझं जल्दी जमतंय." प्रांजलीनं मामाच्या नावापुढच्या चौकोनात खूण केली. जाड, काळं नाव एका क्षणात गोल झालं, बारीक झालं आणि बाकीच्यांत जाऊन बसलं.

मामा बघत राहिला. डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं, पडदा जरा वाकवून बघितला.

"मी कुठं गेलो?"

"आहेस की, तिथंच."

"कुठं तिथंच? समदी सारखीच! आगं, मी सापडूच न्हाई राह्यलो!"

"बसा आता बोंबलत," मामी म्हणाली. "येगळं दिसलं तरी रडं, सारखं दिसलं तरी रडं. बाईमाणसाला पत्रिकेत नुसतं 'सौ.' लावून उरकतेत, आम्ही काय मेंढरं न्यायलो गोदाकाठाला?"

पण मामाच्या डोक्यात एक वेगळीच वात पेटली होती. "असं कर प्रांजे. माझं पहिलं जाड अक्षर चांगलं व्हतं. खरं सांगू का, मला ते आवडल्तं. मंग तू घरालाच ते दे की! मोठ्या चौकटीला. म्हंजे मीबी जाड, समदीच जाड. कोणीच येगळं न्हाई!"

प्रांजलीनं त्याच्याकडं बघितलं. कॉलेजात हा प्रश्न तिच्या सरांनी परीक्षेला घातला होता आणि अर्ध्या वर्गाचा चुकला होता. तिनं मुकाट्यानं मोठ्या चौकटीला मामाचं अक्षर दिलं.

चौऱ्याऐंशी पैलवान पत्रिकेत शिरले. कुलदैवत फुगलं, आजोबा फुगले, भाऊकीच्या चौकटीनं पाहुण्यांच्या चौकटीला ढकललं, पाहुण्यांनी खालच्यांना रेटलं आणि नवरा-नवरीची जोडी जत्रेतल्या गर्दीत सापडल्यासारखी खाली खाली सरकत गेली. चि. सौ. कां. प्रांजली कशीबशी पानाच्या काठाला धरून राहिली. तिच्या खाली कोरा काठ.

"अगं बया," मामी पिठाच्या हातानं पुढं आली. "नवरदेव कुठंय?"

"पानाच्या खाली पडला."

"आन् मांडवाचं ठिकाण?"

"तेबी पडलं."

मामाला हसू आवरेना. हसता हसता त्याचं पागोटं सैल झालं. "घे घे, आत घे त्याला! समोर नवरदेवच न्हाई तर मी तुझ्या पाठीमागं उभा राहून काय करू?"

बोलून गेल्यावर ते त्याच्या ध्यानात आलं. प्रांजलीच्या त्याआधीच आलं होतं. तिनं पदरानं डोळे पुसायचे म्हणून पदर शोधला, पण आज ड्रेस घातला होता. मग ओढणीवर भागवलं.

"बारीक कर मला," मामा खालच्या आवाजात म्हणाला. "गोल कर. बसतो मी समद्यांत. फकस्त कुठं बसवलं ते दाखवून ठेव."

तिनं घर पुन्हा गोल केलं. नवरदेव वर आला, मांडव वर आला. मग तिनं मामाचं बोट धरलं आणि पडद्यावर ठेवलं. तिसरी ओळ, दुसरं नाव. मामानं बोट एकेका अक्षरावरून हळूहळू नेलं, काट्यातून वाट काढावी तसं.

"म... ल्हा... री." त्यानं श्वास सोडला. "सापडलो."

"राह्यलेल्या पत्रिका आता अशाच छापते. फुफाजींचीबी खूण लावू का?"

"नगं नगं," मामा घाईनं म्हणाला. "त्यांला राहू दे चुलीपाशी. खूश हायत ना?"

मामीनं भाकरीवर ठेचा घालून दोघांच्या हातात दिली. खाता खाता मामा म्हणाला, "बरं, लगीन कवा हाय?"

प्रांजलीचा घास थांबला. "मामा, दोन दिवस तू पत्रिका वाचून राह्यलास!"

"नावं वाचली. तारीख कोण वाचतंय?"

तिनं तारीख सांगितली. मामानं बोटांवर काहीतरी मोजलं, बांधापलीकडं बघितलं, बाभळीखाली बसलेल्या कळपाकडं बघितलं. "तुमच्या घराच्या पाठीमागचं ते सोयाबीनचं रान रिकामं झालं ना?"

"झालं."

"मंग आठ दिस आधीच येतो. तिथंच बसवतो. लग्नाचं लग्न व्हईल, खताचं खत."

जीपसाठी फाट्यावर उभं राहून प्रांजलीनं आईला फोन लावला.

"येतोय मामा," ती म्हणाली.

"माय गं!" नंदाबाईचा आवाज भरून आला. मग लगेच सावरला, कारण तिला स्वयंपाकाचा अंदाज घ्यायचा होता. "किती जण?"

प्रांजलीनं मनात हिशोब केला. "मामा, मामी," ती म्हणाली, "आन् एकशे वीस."